पेसाकचे मळे आणि पेसाकची घरे

परदेशप्रवास करून आलेल्या मनुष्याकडून आप्तेष्टांची एक ठरलेली अपेक्षा असते. त्याने मोठमोठ्या इमारतींची, पुतळ्यांची आणि चित्रसंग्रहांची वर्णने करावीत, ऐकणारांनी माना डोलवाव्यात, आणि चहाचे पेले रिकामे झाले की बैठक मोडावी. ही अपेक्षा माझ्या हातून पुरी होण्याजोगी नाही. फ्रान्स देशात माझा मुक्काम नऊ आठवडे होता. त्यांपैकी पॅरिसच्या वाट्याला अवघे तीन दिवस आले. बाकीचा सारा काळ बोर्दो शहरालगतच्या पेसाक नावाच्या उपनगरात गेला. आमचे धाकटे चिरंजीव तेथल्या विद्यापीठात संशोधनाचे काम करतात. सूनबाईचे दिवस भरत आले होते, आणि तिच्या मातोश्रींना इतका लांबचा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. तेव्हा डिंकाचे लाडू, हळिवाची पुडी आणि बाळाची कुंची बरोबर देऊन माझी रवानगी करण्यात आली. ज्या गावी मनुष्य केवळ पाहण्याकरिता न जाता बाळंतिणीच्या सेवेसाठी जातो, ते गाव त्याला दर्शनी दरवाजाने दिसत नाही, परसदाराने दिसते. पेसाक मला असे परसदाराने दिसले. आणि तेथे घर या वस्तूविषयी जे विचार मनात आले, ते एकत्र कुटुंबात नांदणाऱ्या वाचकांपुढे ठेवावेत एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बोर्दो हे शहर फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गारोन नदीच्या काठी वसलेले आहे. नदी तेथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून त्या बंदराला चंद्राचे बंदर असे म्हणतात. शेकडो वर्षे या बंदरातून वाइनची पिंपे इंग्लंडकडे आणि इतर देशांकडे रवाना होत आली, आणि त्या व्यापाराच्या पैशातून नदीकाठी पिवळसर दगडाच्या एकसारख्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. २००७ साली युनेस्कोने या जुन्या शहराचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. येथली ट्रामगाडी १९५८ साली बंद झाली होती. ती २००३ साली नव्याने सुरू करण्यात आली. नवी ट्राम आणताना तेथल्या लोकांनी एक गोष्ट मोठ्या कटाक्षाने पाळली. जुन्या इमारतींसमोर विजेच्या तारांचे जाळे दिसू नये, म्हणून शहराच्या मध्यभागी वीज रुळांमधल्या पट्टीतून दिली आहे, आणि गाडी ज्या तुकड्यावर असेल तेवढ्याच तुकड्यात ती खेळते. मागे-पुढे लोक खुशाल पाय ठेवून रस्ता ओलांडतात. नवे आणायचे, पण जुन्याच्या चेहऱ्यावर ओरखडा उमटू द्यायचा नाही, या त्यांच्या हट्टाची ओळख मला पहिल्याच दिवशी अशी झाली.

त्या ट्रामने अर्ध्या तासात मनुष्य पेसाकला पोहोचतो. वाटेत विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार लागते, मग बैठी घरे सुरू होतात, आणि हळूहळू आवाज कमी होत जातो. हा आवाज कमी होण्याचा प्रकार आरंभी मला चमत्कारिकच वाटला. आमच्या वाईच्या वाड्यात पहाटे रहाटाच्या करकरीपासून रात्री अडसर लावण्याच्या खडखडाटापर्यंत कोणता ना कोणता आवाज चालूच असे. रहाट गेला तेव्हा त्याची जागा पाण्याच्या पंपाने घेतली. पेसाकला दुपारी बारा वाजले की लहान दुकाने बंद होतात. रविवारी तर पाववाल्याचे दुकान तेवढे सकाळी उघडे, बाकी सर्व सामसूम. घरांच्या खिडक्यांना लाकडी झडपा असतात. संध्याकाळ झाली की त्या एकामागून एक मिटतात आणि रस्त्यावर घराच्या आतल्या उजेडाची एक रेघही सांडत नाही. फ्रान्सची सारी चलनी नाणी याच गावात पाडली जातात. १९७३ साली टाकसाळीचा कारखाना पॅरिसहून येथे आणला. पण देशाचा पैसा जेथे घडतो तेथे त्याचा खणखणाट मात्र बाहेर ऐकू येत नाही.

ही शांतता आपोआप आलेली नाही, हे ध्यानी यायला मला आठवडाभर लागला. ती लोक पाळतात म्हणून आहे. गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज कोणत्या वेळी करावा आणि कोणत्या वेळी करू नये याचे नियम आहेत, आणि ते मोडले तर शेजारी गोड शब्दांत, पण नक्की, आठवण करून देतो. दुकानात शिरताना प्रथम 'बोंझूर' म्हणायचे, मग काय हवे ते मागायचे. माझे फ्रेंच भाषेतील सगळे भांडवल तो एक शब्द आणि निघतानाचा 'मेर्सी' एवढेच होते, परंतु त्या दोन नाण्यांवर माझा पावाचा आणि भाजीचा व्यवहार नऊ आठवडे सुरळीत चालला. तथापि या शांततेला दुसरी बाजूही आहे. आमच्या समोरच्या घरात ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ एकटेच राहत. सकाळी त्यांच्या खिडकीची झडप उघडली की सूनबाई म्हणे, "आई, आजोबा उठले बरं का." जेथे कुणाचे खोकणेही भिंतीपलीकडे जात नाही, तेथे शेजाऱ्याची खुशाली झडपेवरूनच ओळखावी लागते.

आता मळ्यांविषयी. आमच्या घराण्यात मद्याने कधी उंबरठा ओलांडलेला नाही आणि पेसाकलाही या नियमास बाध आला नाही. तेथली 'कानले' नावाची एक प्रसिद्ध मिठाई आहे. बाहेरून खमंग करपवलेली, आतून मऊ. चिरंजीवांनी ती मोठ्या हौसेने आणली, पण तीत अंड्याचा बलक आणि रम हे दोन्ही पदार्थ असतात असे कळल्यावर मी ती तशीच त्यांच्या ताटलीत सरकवली. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग वापरीत, उरलेले बलक मठातल्या जोगिणींना देत, आणि त्यांनी त्यातून ही मिठाई काढली, अशी तिची जन्मकथा सांगतात. ती खरी असो वा नसो. गावच्या धंद्याशी गावचा पदार्थ कसा जोडलेला असतो हे तीवरून दिसते.

पेसाकच्या मळ्यांची गंमत अशी की ते गावाबाहेर नाहीत, गावात आहेत. बाबागाडी ढकलीत हमरस्त्याने जावे, एका बाजूला दुकाने, शाळा आणि मोटारींची रांग, आणि दुसऱ्या बाजूला एका ठेंगण्या दगडी भिंतीपलीकडे एकाएकी द्राक्षवेलींच्या सरळ ओळी लागाव्यात! हा ओ-ब्रियाँचा मळा. सोळाव्या शतकात पोंताक नावाच्या घराण्याने तो उभा केला. १६६३ साली लंडनच्या सॅम्युएल पेपिस याने आपल्या रोजनिशीत या मळ्याच्या वाइनची चव नोंदवून ठेवली आहे, आणि १६७७ साली जॉन लॉक हा तत्त्ववेत्ता खुद्द मळा पाहण्यास येथे आला होता. त्याने पाहिले ते असे, की जमीन म्हणजे पांढरी वाळू आणि तीत कालवलेले खडे. येथे काही उगवेल असे कोणासही वाटू नये. या भागाला 'ग्राव्ह' म्हणतात, त्याचा अर्थच खडे. परंतु वेलीला हीच जमीन मानवते. पाणी साचत नाही, खडे दिवसाचे ऊन धरून ठेवतात, आणि अन्नासाठी मुळांना खोल जावे लागते. १८५५ साली बोर्दोच्या वाइनींची जी प्रसिद्ध प्रतवारी झाली, तीत पहिल्या श्रेणीत चार मळे बसले. त्यांपैकी तीन मेदोक प्रांतातले, आणि मेदोकबाहेरचा एकटा ओ-ब्रियाँ.

बोर्दो शहर जसजसे पसरत गेले तसतसे आजूबाजूचे कित्येक लहान मळे घरांखाली गेले. पोप पाचवा क्लेमेंट हा १३०५ साली पोप होण्यापूर्वी बोर्दोचा आर्चबिशप होता. त्याच्या नावाचा पाप क्लेमाँ हा मळाही पेसाकातच आहे. १९३७ साली तो गारपिटीने जवळजवळ नष्ट झाला होता. १९३९ साली नव्या मालकाने तो घेतला आणि पुन्हा उभा केला, म्हणून आज तेथे इमारती नाहीत, वेली आहेत. शहराच्या तोंडचा घास झालेली ही जमीन टिकली, ती द्राक्षांचे मोल घरांच्या मोलाहून अधिक ठरले म्हणून. त्यात भावनेचा भाग किती आणि हिशेबाचा किती, हे वेगळे करणे कठीण आहे.

सप्टेंबर महिन्यात या मळ्यांत तोडणी चालू झाली. माणसे ओणवी होऊन हाताने घोस कापीत होती. चिरंजीवांचे एक सहकारी आमच्याबरोबर होते, मी त्यांना विचारले, "या वेली पोंताक घराण्याच्या वेळच्या का?" ते हसले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा नावाचा एक बारीक कीटक अमेरिकेतून आला आणि त्याने मुळे पोखरून फ्रान्समधले मळेच्या मळे वाळवून टाकले. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिकडच्या वेलीच्या मुळांना हा कीटक मारू शकत नसे. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच डोळा असे कलम करून सारे मळे नव्याने लावावे लागले. त्यानंतरही वेल म्हातारी झाली की उपटतात, जमिनीला विसावा देतात आणि नवी लावतात. एका वेळी एक तुकडा, सगळा मळा कधीच नाही. म्हणजे मळ्याचे नाव चारशे वर्षांचे, परंतु त्यातली वेल पुष्कळदा आमच्या थोरल्या पुतण्याहूनही लहान! हे ऐकून मी बराच वेळ त्या ओळींकडे पाहत उभी राहिले.

पेसाकात जपून ठेवलेली दुसरी वस्तू मळ्यांहून अगदी निराळी आहे. आँरी फ्रुझेस नावाचा बोर्दोचा एक साखर कारखानदार होता. त्याला कलांची आवड होती आणि आपल्या मजुरांना चांगली घरे मिळावीत अशी इच्छाही होती. ल कॉर्बुझिए या तरुण वास्तुशिल्पज्ञाचे लेखन वाचून त्याने त्यालाच पाचारण केले. कॉर्बुझिए आणि त्याचे चुलतबंधू पिएर जानरे यांनी १९२४ ते १९२६ या काळात पेसाकला ही वसाहत उभारली. संकल्प सव्वाशेहून अधिक घरांचा होता. बांधून झाली ती पन्नासच्या आसपास. काँक्रीटची, चौकोनी, सपाट गच्चीची, आडव्या लांब खिडक्यांची. भिंतींना कोठे तांबूस विटकरी रंग, कोठे फिका निळा, कोठे हिरवा, कोठे पांढरा. उतरत्या कौलांची आणि दगडी भिंतींची सवय असलेल्या बोर्दोकरांना हे सारे विपरीत वाटले. 'मोरोक्कोची वस्ती' म्हणून त्यांनी तिची टर उडवली. पाण्याच्या नळांची जोडणी अडून राहिल्यामुळे घरे काही वर्षे रिकामीच पडली, आणि कारखानदारही पुढे आर्थिक विपत्तीत सापडला. ज्या मजुरांसाठी हा खटाटोप केला त्यांच्याऐवजी अखेरीस हप्त्यांनी घर घेऊ शकणारी साधी कुटुंबे तेथे राहायला आली.

आणि आल्यावर त्यांनी काय केले? घर आपलेसे केले. लांब खिडकीपुढे कपाट मावेना, म्हणून ती बुजवून लहान केली. गच्ची गळू लागली, तिच्यावर कौले चढवली. खांबांखालची मोकळी जागा वाया जाते असे वाटले, तेथे भिंत घालून खोली काढली. खिडक्यांना झडपा बसवल्या, दारावर छपरी टाकली, आणि रंगीत भिंतींवर आपल्या पसंतीचा रंग फासला. चाळीस वर्षांत मूळ वसाहत ओळखू येईना. १९६९ साली फिलिप बूदों यांनी या घरांचा आणि राहणारांचा अभ्यास करून एक पुस्तक प्रसिद्ध केले, ते फार गाजले. त्यात त्यांनी लोकांना दोष दिला नाही. या घरांची रचनाच अशी मोकळी होती की तीत लोकांना आपापल्या गरजेप्रमाणे फेरफार करता आले, आणि हे घराचे अपयश नव्हे, असा त्यांचा रोख होता. खुद्द कॉर्बुझिएनेही, शेवटी जीवनाचेच खरे असते, चूक वास्तुशिल्पज्ञाची असते, अशा आशयाचे उद्गार काढल्याचे सांगतात.

पुढे वारे फिरले. १९८० साली यांपैकी एका घराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. नगरपालिकेने एक घर विकत घेऊन ते लोकांना पाहण्यास खुले केले. हळूहळू बुजवलेल्या खिडक्या उघडल्या, कौले उतरली, मूळचे रंग परत आले. २०१६ साली युनेस्कोने कॉर्बुझिएच्या कामाची सात देशांतील १७ स्थळे जागतिक वारशात घेतली. त्यांत पेसाकची ही वसाहत आहे, आणि आपल्या चंदीगडचा कॅपिटॉल विभागही आहे. विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्या पंक्तीला मजुरांची घरे बसली! चंदीगडशी या वसाहतीचा आणखी एक धागा आहे. पिएर जानरे चंदीगडच्या कामासाठी आले आणि १९६५ पर्यंत तेथे राहिले. सरकारी नोकरांची पुष्कळशी साधी, विटांची घरे त्यांच्या हातची आहेत. १९६७ साली त्यांना जिनिव्हात मरण आले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी चंदीगडच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या. पेसाकच्या त्या अरुंद रस्त्यावर उभे असताना ही हकीकत चिरंजीवांनी सांगितली, तेव्हा त्या परक्या घरांविषयी मला एकदम जवळीक वाटू लागली.

नात तीन आठवड्यांची झाल्यावर आम्ही तिला बाबागाडीतून घेऊन त्या वसाहतीत फिरायला गेलो. तान्हे मूल बरोबर असले की कोणत्याही देशात दारे लवकर उघडतात. एका घरासमोर बागेत पाणी घालणाऱ्या एक वृद्ध बाई बाळाला पाहण्यासाठी फाटकापाशी आल्या, आणि बोलता बोलता त्यांनी आम्हांला आत नेले. चिरंजीव दुभाष्याचे काम करीत होते. बाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा वरची गच्ची बंद करून तिची खोली केलेली होती. त्यांची तीनही मुले त्या खोलीत वाढली. मागे दुरुस्ती निघाली तेव्हा ती खोली काढून गच्ची पुन्हा मोकळी करण्यात आली. आता घर मूळ आराखड्यासारखे सुरेख दिसते. लोक येतात, छायाचित्रे घेतात, आणि बाईंनाही आपल्या घराचा अभिमान आहे. परंतु वर गेल्यावर त्या गच्चीच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे माझ्या धाकट्याचा पलंग होता." एवढेच म्हणाल्या. तेथे आता स्वच्छ ऊन होते आणि एक कुंडी होती. रंग देण्याला त्यांची तक्रार नव्हती, नियमांनाही नव्हती. नव्या खिडकीला कोणता रंग लावावा हे आता कचेरीत विचारावे लागते, याचे मात्र त्यांना हसू येत होते. स्वयंपाकघरामागे त्यांच्या यजमानांनी एक लहानसा आडोसा काढला होता. तो त्यांनी अजून काढू दिलेला नाही. त्याच्या दारावर मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत.

त्या भेटीचा मला विशेष चटका लागला, त्याला कारण होते. त्याच आठवड्यात वाईहून फोनवर फोन येत होते. आमच्या वाड्याचे न्हाणीघर आणि शौचकूप परसात, चौक ओलांडून तीस पावलांवर आहेत. थोरल्या जाऊबाईंना अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले आहे आणि त्यांचे गुडघे अगदी गेले आहेत. श्रावणात एके रात्री ओल्या फरसबंदीवर त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही ही देवाची कृपा. पुतण्याचे म्हणणे, माजघरालगतच्या कोठीच्या खोलीत न्हाणीघर करावे, आणि वरच्या दिवाणखान्यात आडभिंत घालून दोन खोल्या काढाव्यात. नाहीतर तो आईला आणि बायकामुलांना घेऊन पुण्यास बिऱ्हाड करणार. थोरल्या भाऊजींचे म्हणणे, वडिलांनी ठेवले तसे ठेवायचे, माझ्या डोळ्यांदेखत या वास्तूची एक वीट हलणार नाही. दोघेही चुकीचे बोलत नव्हते. भाऊजींनी याच वाड्यासाठी स्वतःची नोकरी गावात ठेवली, आणि तीन भावांच्या संसारांना त्यांनी त्या एका छपराखाली सांभाळले आहे. परंतु वाडा जसाच्या तसा राहिला आणि त्यात भाऊजी एकटेच राहिले, तर ते राखणे कोणासाठी? पेसाकच्या समोरच्या घरातली ती एकटी झडप मला डोळ्यांपुढे दिसत होती.

आमच्याकडे अशा प्रसंगी धाकट्या भावजयीने थोरल्या दिरांशी वाद घालण्याची रीत नाही, आणि फोनवर तर मुळीच नाही. म्हणून मी वाद घातला नाही. मी त्यांना द्राक्षांच्या मळ्याची हकीकत सांगितली. भाऊजींना शेतीत रस आहे. खुंट कोणता, डोळा कोणता, कलम कोठे बांधतात, हे त्यांनी खोदून खोदून विचारले. शेवटी म्हणाले, "म्हणजे वेली त्या नव्हेतच तर!" मी म्हटले, "नव्हेत भाऊजी. पण जमीन तीच आहे, आणि ओळीही तशाच लावतात." त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग बाळाचे वजन विचारू लागले.

त्या नऊ आठवड्यांत माझ्या मनाने जे घेतले ते असे. राखणे म्हणजे हात न लावणे नव्हे. ज्या वस्तूला कोणी हात लावीत नाही ती राखली जात नाही, ती नुसती उरते. आणि उरलेली वस्तू पडायला फार दिवस लागत नाहीत. मळा राखणारा दरवर्षी छाटतो, उपटतो, लावतो. त्याला ठाऊक असते की खडे हलवायचे नाहीत आणि वेल बदलायची. हा भेद ज्याला कळला त्याचा मळा चारशे वर्षे चालतो. घराचेही असेच नसेल का? प्रत्येक घरात काही खडे असतात आणि काही वेली असतात. आमच्या वाड्यात चौक हा खडा आहे, कारण त्यात सर्वांचे येणेजाणे एकमेकांस दिसते. ओटी हा खडा आहे, कारण आल्यागेल्याला टेकायला ती जागा हवी. देवघराबद्दल सांगायलाच नको. परंतु कोठीची खोली ही वेल आहे. तीत पूर्वी वर्षाचे धान्य साठत असे. आज तीत रिकामे रांजण आणि मोडकी पाळणी आहेत.

आणि याची उलट बाजूही पेसाकनेच दाखवली. फेरफार करणाऱ्याने सगळेच वेल समजून उपटू नये. त्या वसाहतीतली घरे पुन्हा उभी राहू शकली, कारण राहणारांनी भिंती बुजवल्या, पण सांगाडा मोडला नाही. पुढल्या पिढीला कौले उतरवून गच्ची मोकळी करता आली. मागून येणाराला आपले केलेले काढून टाकता येईल, एवढी सोय ठेवून जो बदल करतो, तो घराचा शत्रू नव्हे. वाड्याच्या जागी सहा मजली इमारत बांधणारा मनुष्य पुढच्यांसाठी ती सोय ठेवीत नाही. तसेच पूर्वस्थिती आणणाऱ्यानेही एक पाहावे, की आपण जे 'नंतरचे' म्हणून काढून टाकतो आहोत, तेथे कोणाच्या धाकट्याचा पलंग होता. कॉर्बुझिएची रेघ खरी आणि त्या बाईंच्या यजमानांनी काढलेला आडोसाही खरा. दोहोंना जागा देणारे घर तेवढे पूर्ण.

मी परत येईपर्यंत कोठीच्या खोलीत नळ आले होते. जागा भाऊजींनी स्वतः दोरी धरून आखून दिली, आणि चौकाकडचा जुना सागवानी दरवाजा व त्यावरचा गणेशपट्टीचा तुकडा जसाच्या तसा ठेवायचा, या अटीवर गवंड्याला आत येऊ दिले. दिवाणखान्यातली आडभिंत लाकडी फळ्यांची असावी की विटांची, याविषयी बापलेकांचे एकमत अजून झालेले नाही. पुतण्या विटांची म्हणतो, कारण तिने आवाज अडतो. भाऊजी फळ्यांची म्हणतात, कारण ती उद्या काढता येते. मला विचारतील तर मी भाऊजींच्या बाजूने आहे. थोरल्या जाऊबाई मात्र या वादात पडत नाहीत. "आता रात्री दिवा घेऊन कुणाला उठवावे लागत नाही," एवढेच त्या म्हणतात, आणि आमच्या सर्वांच्या पांडित्याहून मला ते एक वाक्य वजनदार वाटते.